घरची कागदपत्रे एका सूत्रात



पूर्वी शाळेत किंवा नोकरीत प्रवेश मिळवावयाचा म्हणजे अर्ज लिहावा, त्यास दाखल्यांच्या नकला टाचणीने जोडाव्या आणि तो गठ्ठा कचेरीतील कारकुनाच्या हाती द्यावा, एवढेच काम असे. टाचणी लावणारा हात आपला असे, आणि गठ्ठा कोणाच्या मेजावर गेला हेही आपणांस डोळ्यांनी दिसत असे. आज बहुतेक अर्ज संगणकावर भरावे लागतात आणि त्यांच्या शेवटी पुष्कळदा एक सूचना असते: सर्व प्रमाणपत्रे एकाच पीडीएफ फाइलमध्ये जोडून पाठवावीत. ही नवी टाचणी कशी लावावी हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक कुटुंबे आपले सारे कागद कोणा तरी त्रयस्थाच्या हवाली करतात. काम होते, पैसेही जातात. परंतु कागदांच्या नकला कोठे कोठे राहिल्या, हे मात्र घरातील कोणासही सांगता येत नाही.

वस्तुतः हे काम कठीण नाही. घरात एक मोबाइल किंवा संगणक असला आणि त्यावर इंटरनेटची पाने उघडून दाखविणारा ब्राउझर असला, म्हणजे अनेक फाइलींची एक फाइल करावयास पाव तासही लागू नये. ते कसे करावे आणि करताना कोणती काळजी घ्यावी, हे सांगण्याचा येथे हेतू आहे. विषय यंत्राचा दिसला, तरी प्रश्न कुटुंबाचाच आहे. मुलीचा परिचारिका अभ्यासक्रमातील प्रवेश, मुलाची शिष्यवृत्ती, आजीचे निवृत्तिवेतन, या गोष्टी अशा एखाद्या फाइलीपाशी अडून राहतात.

चार राजवटींचे कागद

सिल्वासा आणि भोवतालच्या गावांतील जुन्या कुटुंबांची कागदांची पेटी उघडली, तर तीत या प्रदेशाचा इतिहासच घड्या घालून ठेवलेला सापडेल. २२ जुलै १९५४ रोजी दादरा, २८ जुलै रोजी नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्यापूर्वीचे कागद अर्थातच पोर्तुगीज भाषेतले. पुढे सात वर्षे या मुक्त प्रदेशाचा कारभार वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने चालला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. विलीनीकरणाच्या करारावर मुक्त प्रदेशाच्या वतीने कोणी तरी स्वाक्षरी करणे आवश्यक होते. म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांची एका दिवसापुरती तेथील प्रधानमंत्री म्हणून नेमणूक झाली होती. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांहून अधिक काळ ‘दादरा आणि नगर हवेली’ असा शिक्का कागदांवर पडत राहिला. २६ जानेवारी २०२० पासून हा केंद्रशासित प्रदेश दमण आणि दीव यांच्याशी जोडला गेला आणि शिक्क्यावरील नावही लांबले.

सासरी आलेल्या सुनेचे कागद सीमेपलीकडचे असले, म्हणजे गुंता आणखी वाढतो. वसई, तलासरी किंवा जव्हारकडील मुलीच्या जन्मदाखल्यावर ठाणे जिल्हा लिहिलेला असतो आणि तिच्या धाकट्या भावाच्या नव्या दाखल्यावर पालघर जिल्हा. गाव तेच, घर तेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, एवढेच त्यातले कारण. शिवाय एक कागद गुजरातीत, एक मराठीत, एक इंग्रजीत आणि एखादा हिंदीत. दूरच्या शहरातील अधिकाऱ्याने हे सर्व निरनिराळे पाहिले, तर त्यास ती चार घरांची कागदपत्रे वाटावीत.

म्हणूनच हे कागद एका सूत्रात, योग्य क्रमाने बांधून देण्यास महत्त्व आहे. जन्म, बाप्तिस्मा, शाळा, विवाह असा क्रम लावला की वाचणाऱ्यास माणसाचे आयुष्य एका ओळीत दिसते. आणि कागद शेजारी शेजारी ठेवले की आणखी एक लाभ होतो: त्यांतील विसंगती आपल्याच दृष्टीस पडते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘जुझे’, शाळेच्या दाखल्यात ‘जोसेफ’ आणि आधार कार्डावर आडनावच पुढे, असे आमच्या घराघरांत आढळते. ही चूक कारकुनाने काढण्याआधी आपण पाहिली, तर प्रतिज्ञापत्र करावयास किंवा दुरुस्ती मागावयास अवधी मिळतो. अर्जाची मुदत संपल्यावर ती समजली, तर वर्ष हातचे जाते. कागद जोडण्याचे काम आपल्या हाती ठेवावे, याचे हे पहिले कारण होय.

धर्मग्रामाची नोंदवही

अनेक नोंदी एकत्र ठेवण्याची ही कल्पना ख्रिस्तसभेस मुळीच नवी नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहविषयक जो आदेश काढला, त्यात धर्मगुरूने विवाहांची नोंदवही काळजीपूर्वक स्वतःजवळ ठेवावी असे ठरविले. हल्ली लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेत ५३५ व्या नियमानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असल्याच पाहिजेत. त्याच नियमात एक सूक्ष्म व्यवस्था आहे. मनुष्याचे दृढीकरण झाले, विवाह झाला, कोणी गुरुदीक्षा घेतली, कोणी संन्यस्त जीवनाचे अंतिम व्रत घेतले, तर त्या प्रत्येक घटनेची टीप त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी करावी लागते. सिल्वासात बाप्तिस्मा झालेल्या मुलीचा विवाह वसईस झाला, तर वसईच्या धर्मगुरूंनी ते सिल्वासास कळवावयाचे, आणि येथील जुन्या वहीत तिच्या नावासमोर ते लिहिले जावयाचे.

विवाहाच्या वेळी धर्मगुरू पेटीतला जुना बाप्तिस्म्याचा दाखला न घेता नव्याने काढलेला दाखला का मागतात, याचे उत्तर यात आहे. जुन्या दाखल्यावर नंतरच्या टिपा नसतात. वहीतली नोंद मात्र आयुष्यभर वाढत असते. ही वही धर्मगुरूंच्या ताब्यात, कुलुपात राहते, ती कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती देत नाहीत, आणि तीतून मागणाऱ्यास आवश्यक तेवढाच उतारा मिळतो. एकत्र ठेवावे, क्रमाने ठेवावे, जपून ठेवावे आणि गरजेपुरतेच बाहेर द्यावे, ही या वहीची शिस्त आहे. आपल्या संगणकीय कागदांसही याच शिस्तीची गरज आहे.

पीडीएफ म्हणजे काय?

आता मूळ कामाकडे वळू. पीडीएफ हा कागद संगणकात साठविण्याचा एक प्रकार आहे. अमेरिकेतील अडोबी या कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली त्याची कल्पना मांडली, आणि १९९३ साली तो प्रत्यक्षात आला. त्या काळी एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले, तर अक्षरे बदलत, ओळी विस्कटत, कधी कधी नुसती चिन्हेच उमटत. पीडीएफमध्ये पानाची मांडणी, चित्रे आणि बहुधा अक्षरांचे वळणही फाइलीच्या आतच बांधून दिलेले असते. त्यामुळे सिल्वासातील गुजराती दाखला दिल्लीतील संगणकावरही जसाच्या तसा दिसतो. २००८ साली या प्रकारास आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा राहिलेला नाही.

पीडीएफ फाइलीची रचना समजण्यासाठी एखाद्या जाडजूड वहीचे उदाहरण घ्यावे. वहीतील प्रत्येक पान, प्रत्येक चित्र, प्रत्येक अक्षरसंच यांस एकेक क्रमांक दिलेला असतो, आणि वहीच्या अखेरीस कोणता क्रमांक कोठे सापडेल याची सूची असते. संगणक फाइल उघडताना प्रथम शेवटची ती सूची वाचतो. आता अशा दोन वह्या एकत्र बांधावयाच्या, तर दोन्हींत १, २, ३ असेच क्रमांक असणार. म्हणून जोडणारे यंत्र दुसऱ्या वहीच्या वस्तूंस पुढचे क्रमांक देते, सर्व पानांची एकच यादी करते आणि अखेरीस नवी सूची लिहिते. पानांवरील मजकुरास ते हात लावीत नाही. यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. जोडल्यामुळे अक्षरे पुसट होत नाहीत. आणि जोडल्यामुळे फाइलीचा आकार सहसा कमीही होत नाही. ३०० केबीच्या चार फाइली जोडल्या, तर एकूण सुमारे १२०० केबीच होणार.

काम कोठे होते?

ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी यांसारखा प्रोग्राम. इंटरनेटवरील पाने वाचण्याची ही पद्धत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत सुचविली, तेव्हा ब्राउझरचे काम केवळ दूरचे पान आणून दाखविण्याचे होते. आज तो स्वतः पुष्कळ कामे करू शकतो. त्यामुळे ब्राउझरमधून फाइली जोडण्याचे दोन मार्ग झाले आहेत, आणि या दोहोंतील भेद प्रत्येक गृहस्थाने समजून घेतला पाहिजे.

पहिल्या मार्गात आपण फाइली निवडल्या की त्या इंटरनेटवरून त्या संकेतस्थळाच्या संगणकाकडे जातात, तेथे जोडल्या जातात आणि एक होऊन परत येतात. झेरॉक्सच्या दुकानात कागद देऊन बाहेर थांबण्यासारखाच हा प्रकार होय. आयलव्हपीडीएफ, स्मॉलपीडीएफ ही प्रसिद्ध संकेतस्थळे प्रामुख्याने या रीतीने चालत आली आहेत. त्यांपैकी पहिले स्पेनमधील बार्सिलोनाचे, दुसरे स्वित्झर्लंडचे. आलेल्या फाइली थोड्याच तासांत पुसून टाकल्या जातात, असे ती जाहीर करतात. शाळेचे पाठ, भजनांच्या चोपड्या, लग्नपत्रिका, सणाचे कार्यक्रम यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे. परंतु आपले कागद काही काळ परदेशातील यंत्रावर होते, ही गोष्ट मनात ठेवावयास हवी.

दुसऱ्या मार्गात संकेतस्थळ आपणांस केवळ अवजार पाठविते, आणि काम आपल्याच यंत्रावर, ब्राउझरच्या आत होते. कागद घराबाहेर जात नाहीत. सुतारच आपली अवजारे घेऊन घरी यावा, तसे हे आहे. वेबअसेम्ब्ली या तंत्रामुळे अशी जड कामे ब्राउझरमध्ये वेगाने होऊ लागली. त्यास २०१९ च्या डिसेंबरात अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. बेंटोपीडीएफ हे या प्रकारचे एक संकेतस्थळ आहे. स्टर्लिंग पीडीएफ नावाचा एक प्रोग्राम तर स्वतःच्या संगणकावर बसविता येतो आणि ब्राउझरमधून वापरता येतो.

संकेतस्थळ कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. पान पूर्ण उघडू द्यावे. मग मोबाइलचा डेटा किंवा वायफाय बंद करावे. नंतर दोन बिनमहत्त्वाच्या फाइली निवडून जोडण्याचे बटण दाबावे. काम झाले, तर जोडणी आपल्याच यंत्रात झाली. काम अडले, तर फाइली बाहेर पाठविण्याचा प्रयत्न होत असण्याचा संभव आहे, आणि तेथे खासगी कागद न देणे बरे. खऱ्या कागदांच्या वेळीही इंटरनेट बंद ठेवूनच जोडावे, तयार झालेली फाइल जतन करावी, ते पान बंद करावे आणि त्यानंतरच इंटरनेट पुन्हा चालू करावे.

प्रत्यक्ष कृती

आता क्रमाने सांगतो.

१. प्रथम मागणी वाचावी. अर्जाने कोणते कागद, कोणत्या क्रमाने, किती आकाराच्या फाइलीत मागितले आहेत, हे वहीत लिहून घ्यावे. न मागितलेला कागद घालू नये.

२. कागदांची छायाचित्रे नीट घ्यावीत. दुपारी खिडकीपाशी, थेट ऊन न पडेल अशा जागी, गडद रंगाच्या कापडावर कागद सपाट ठेवावा. गूगल ड्राइव्हसारख्या अॅपमध्ये स्कॅन करण्याची सोय असते. तीत एकामागून एक पाने घेऊन त्यांची एकच पीडीएफ करता येते. चारही कोपरे, शिक्का आणि क्रमांक स्पष्ट दिसले पाहिजेत. दाखल्याच्या मागील बाजूस लिहिलेले असल्यास तीही घ्यावी. बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या दाखल्यांवर कित्येकदा महत्त्वाच्या टिपा मागेच असतात.

३. फाइलींस नावे द्यावीत. ‘०१ जन्म’, ‘०२ शाळा’, ‘०३ उत्पन्न’ अशी, आरंभी दोन आकडे असलेली नावे उत्तम. नुसते १, २, ३ दिल्यास कित्येक यंत्रे दहावी फाइल दुसरीच्या आधी लावतात, कारण ती नावे अक्षरांप्रमाणे लावली जातात. आकडे मराठी घ्यावेत वा इंग्रजी. दोन्हींची सरमिसळ मात्र नसावी.

४. कुलूप असलेली फाइल आधी उघडावी. संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष. अशी फाइल जोडणारे यंत्र बहुधा नाकारते. ती ब्राउझरमध्ये पासवर्ड देऊन उघडावी, छपाईची आज्ञा द्यावी आणि छपाईयंत्राऐवजी ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ हा पर्याय निवडावा. त्यामुळे बिनकुलपाची प्रत मिळते. काम झाल्यावर ही प्रत पुसून टाकावी.

५. जोडणी करावी. संकेतस्थळावर फाइली निवडाव्यात. त्या लहान चौकटींत दिसू लागतात. चौकट बोटाने किंवा माउसने दाबून धरून पुढे-मागे सरकविता येते. क्रम लावून जोडण्याचे बटण दाबावे आणि तयार झालेली फाइल जतन करावी.

६. तपासणी करावी. ही पायरी कोणीही टाळू नये. नवी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहावी. पाने मोजावीत. एखादे आडवे किंवा उलटे तर नाही ना, शेजारच्या घरचा कागद चुकून शिरला नाही ना, प्रत्येक पानावरील नाव आणि जन्मतारीख जुळते ना, हे पाहावे. शक्य तर ज्याचे कागद आहेत त्यासच पाहावयास सांगावे.

७. आकार पाहावा. मर्यादेपेक्षा फाइल मोठी झाली, तर जोडलेल्या फाइलीवर निरनिराळे प्रयोग करण्यापेक्षा मूळ कागद कमी घनतेने, आणि जेथे रंगाची गरज नाही तेथे काळ्या-करड्या रंगात, पुन्हा स्कॅन करावे. इंचास २०० ठिपके एवढी घनता साधारण दाखल्यास पुरते. शिक्का वाचता येईनासा झाला, तर लहान फाइलीचा काहीच उपयोग नाही.

तीन गोष्टींत सावध असावे

पहिली गोष्ट डिजिटल स्वाक्षरीची. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकीय कागदास आणि स्वाक्षरीस आपल्या देशात कायदेशीर स्थान दिले. आज पुष्कळ दाखले अशी स्वाक्षरी होऊनच मिळतात. ही स्वाक्षरी त्या विशिष्ट फाइलीशी घट्ट बांधलेली असते. फाइलीत बदल झाला की ती बदल झाल्याचे सांगते. असा दाखला इतर कागदांशी जोडला, की पानावर स्वाक्षरीचे चित्र दिसत राहिले तरी तिची पडताळणी होत नाही. म्हणून स्वाक्षरी केलेली मूळ फाइल कधीही पुसू नये. ती स्वतंत्र जपावी आणि मागितल्यास तीच द्यावी. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधील कागदांसही हाच नियम लावावा.

दुसरी गोष्ट आधार क्रमांकाची. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढून आधारची छायाप्रत वाटेल तेथे देऊ नये, शेवटचे चारच आकडे दाखविणारी प्रत वापरावी, आणि सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरविणे टाळावे, उतरविल्यास ती प्रत कायमची पुसावी, असे सांगितले होते. लोकांचा गैरसमज होईल म्हणून ते पत्रक दोनच दिवसांत मागे घेण्यात आले आणि नेहमीची सावधगिरी पुरेशी आहे असे सरकारने सांगितले. तथापि आकडे झाकलेली प्रत काढण्याची सोय प्राधिकरणाने ठेवलेली आहे. अर्जाने पूर्ण क्रमांक मागितला नसेल तर तीच प्रत जोडणे शहाणपणाचे. दुकानातील संगणकावर काम करणे भागच पडले, तर उतरलेल्या फाइलींचा कप्पा आणि कचऱ्याची टोपली, दोन्ही रिकामी करून मगच उठावे. ब्राउझरची ‘खासगी’ खिडकी वापरली म्हणजे झाले, असे समजू नये. तीतून उतरविलेली फाइल संगणकावर तशीच राहते.

तिसरी गोष्ट फसव्या संकेतस्थळांची. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाने इशारा दिला, की फुकट फाइली बदलून देतो, अनेक छायाचित्रे जोडून एक पीडीएफ करून देतो, असे सांगणारी काही संकेतस्थळे प्रत्यक्षात संगणकात घातक प्रोग्राम सोडतात आणि दिलेल्या कागदांतून ओळखक्रमांक, बँकेची माहिती, पासवर्ड उचलतात. अशी संकेतस्थळे पुष्कळदा काम खरोखर करूनही देतात, म्हणूनच संशय येत नाही. यावरून एक नियम बांधावा: फाइली जोडण्यासाठी जे पान आपणांस काही वेगळे बसवावयास सांगते, मोबाइल क्रमांक मागते, किंवा कसली तरी ओळ टंकून चालवावयास लावते, ते तत्काळ बंद करावे. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी जाहिरात म्हणजे सर्वांत विश्वासू, असेही मानू नये.

या तिन्ही गोष्टींमागे एकच विचार आहे. सुटा कागद हरवला, तर एक कागद हरवतो. सर्व कागद एकत्र बांधलेली फाइल परक्याच्या हाती पडली, तर त्याच्या हाती माणसाचे नाव, जन्म, आईबाप, पत्ता, उत्पन्न आणि स्वाक्षरी एकाच वेळी पडते. जी गाठ अर्ज वाचणाऱ्याची सोय करते, तीच गाठ चोराचीही सोय करते. म्हणून एका कामासाठी बांधलेली फाइल त्या कामापुरतीच असावी. ती नातलगांच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकू नये आणि काम संपल्यावर मोबाइलमध्ये उगीच ठेवू नये.

तरुणांकडे एक मागणे

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ वडीलधाऱ्या माणसांस मोबाइलवरील लहान अक्षरे वाचवत नाहीत. कित्येकांस इंग्रजी येत नाही, आणि काहींस लिहिणे-वाचणेच शिकावयास मिळाले नाही. खानवेल किंवा दुधनीकडील पाड्यांवरून सिल्वासास येऊन एका फाइलीसाठी रांगेत उभे राहावयाचे, म्हणजे त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो. हे काम येणारा तरुण किंवा तरुणी आज प्रत्येक वस्तीत आहे. रविवारच्या मिस्सानंतर एक तास बसून त्यांनी शेजाऱ्यांचे कागद नीट लावून दिले, तर ती फार मोलाची सेवा ठरेल.

मात्र सेवेसही शिस्त असावी. ज्याचे कागद त्यास शेजारी बसवावे आणि आपण काय करीत आहोत ते त्याच्या भाषेत सांगत जावे. फाइल त्याच्याच मोबाइलमध्ये तयार करावी. आपल्या मोबाइलमध्ये करावी लागली, तर त्याच्यादेखत पुसावी. कोणाचे उत्पन्न किती, कोणाच्या जन्मदाखल्यात काय लिहिले आहे, कोणाचा विवाह कधी झाला, यांतले एक अक्षरही बाहेर जाऊ देऊ नये. धर्मग्रामाच्या नोंदवहीवर धर्मगुरूंनी पिढ्यान्‌पिढ्या जो विश्वास राखला, त्याचाच एक वाटा अशा वेळी आपल्याकडे आलेला असतो.

आणि घरच्या मंडळींनी अर्जाची वाट न पाहता एक काम आजच करून ठेवावे. पेटीतील कागद बाहेर काढावेत, प्रत्येक माणसाचे वेगळे लावावेत, नावे आणि तारखा पडताळाव्यात. जुने पोर्तुगीज कागद जीर्ण झाले असतील, तर त्यांची छायाचित्रे आताच घ्यावीत. वाळवी आणि पावसाळा मुदतीची वाट पाहत नाहीत. स्कॅन केलेल्या फाइली सुट्याच ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून तो त्याच पेटीत ठेवावा. मागणी येईल तेव्हा त्यांतून हवे तेवढे निवडून, आपल्या हातांनी जोडून द्यावे. मग मुलीचा अर्ज शेवटच्या रात्री दुकानाच्या दाराशी अडून राहणार नाही.